शंभर भागांतले तीस : एका निवृत्त घराचा हिशेब आणि रद्द झालेली सहल

नोकरीत असताना मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. आता ओळखीतल्या निवृत्त मंडळींबरोबर बसून त्यांच्या घरखर्चाचं पान मांडून देतो. हे प्रकरण त्यातल्याच एका जोडप्याचं. लिहायला दोघांनीही हो म्हटलं, पण नाव, गाव आणि रक्कम यायला नको ही अट घातली. म्हणून या प्रकरणाआधीची त्यांची सगळी बचत मी 100 भाग धरली आहे आणि बाकीचे आकडे त्याच मापात दिले आहेत. ते दोघं माझ्यासाठी भाऊ आणि वहिनी आहेत, इथेही तेच म्हणतो.

भाऊ 66 वर्षांचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. वहिनी 62 च्या, त्यांनी नोकरी केली नाही, घर सांभाळलं. मुलगा आणि मुलगी दोघांचेही संसार वेगळे. नातवंडं तीन. दर उन्हाळ्यात पोरांना सुट्टी लागली की हे नऊ जण आठ दिवस थंड हवेच्या ठिकाणी जायचे. खर्च भाऊंचा. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी सुरू झालेला हा नेम पाच वर्षं चुकला नव्हता. सहाव्या वर्षी भाऊ म्हणाले, "गुडघे दुखतायत, यंदा राहू दे."

वहिनींना ते खरं वाटलं नाही. रोज सकाळी पाऊण तास चालून येणारा माणूस गुडघ्याचं कारण सांगत होता. पण त्या गप्प बसल्या. महिनाभराने कपाटात विम्याचा कागद शोधताना मुदत ठेवींची फाईल त्यांच्या हाती आली. घरची बहुतेक बचत पाच ठेवींत होती आणि प्रत्येक पावतीला फाईलमध्ये प्लास्टिकचा एक कप्पा होता. दोन कप्पे रिकामे निघाले. पावती वर्षानुवर्षं आत राहिल्यामुळे तिच्या शाईचा उलटा ठसा प्लास्टिकवर उमटला होता. वहिनींनी फाईल खिडकीशी नेली, चष्मा लावला आणि कप्पा उलटा धरून आकडा वाचला. मला हे सांगताना त्यांनी हातानेच तो कप्पा कसा धरला ते दाखवलं.

झालं होतं ते असं. मुलाने घर घ्यायचं ठरवलं, कर्ज कमी पडलं, व्यवहाराला पंधरा दिवस उरले होते. त्याने वडिलांना फोन केला. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी दोन ठेवी मोडल्या. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजही कापलं गेलं. 100 भागांतले 30 भाग मुलाकडे गेले. देणगी की उसने, यावर बापलेकांत एक शब्दही झाला नाही. मुलीला माहीत नव्हतं, वहिनींना माहीत नव्हतं.

बायकोला का सांगितलं नाही, हे मी भाऊंना पहिल्याच बैठकीत विचारलं. ते बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, "पोराने मागितलं तेव्हा वाटलं, अजून माझ्याकडे मागावं असं काही आहे. त्या आनंदात हो म्हणून बसलो. नंतर सांगायला तोंड नव्हतं."

या वाक्याला मी हलकं लेखत नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांची ताणाच्या क्रमाने यादी केली होती. जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, तर निवृत्तीला 45, दहावा क्रमांक. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती मोकळीक वाटते. पण पस्तीस वर्षं ज्याच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नव्हता, त्याला सकाळी कोणी काही विचारत नाही, तेव्हा मुलाचा तो फोन फार मोठा होतो. निवृत्तांच्या घरातले पैशाचे बहुतेक घोटाळे मला लोभातून झालेले दिसत नाहीत. आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी आहोत, या भुकेतून झालेले दिसतात.

आता आकडे. दोघांचा वर्षाचा खर्च 7 भाग, त्यात औषधपाणी, विमा, घराची डागडुजी आणि सहल सगळं आलं. एकट्या सहलीचा अर्धा भाग. पेन्शनमधून 3 भाग येतात आणि ती महागाईबरोबर वाढत जाते. उरलेले 4 भाग दरवर्षी बचतीतून काढावे लागतात. ठेवींवरचं व्याज साधारण महागाईएवढंच असतं असं मी धरलं. म्हणजे व्याज आलं तरी ते वाढत्या किमतींत जिरतं आणि खरेदीच्या हिशेबात मुद्दल तेवढंच राहतं. असं धरलं की अवघड सूत्रांची गरज उरत नाही, साधा भागाकार पुरतो. 100 भागिले 4 म्हणजे 25 वर्षं. 70 भागिले 4 म्हणजे साडेसतरा.

वहिनींचं वय 62. पहिल्या हिशेबाने पैसा त्यांच्या 87 व्या वर्षापर्यंत जात होता, दुसऱ्याने ऐंशीच्या आधीच संपत होता. भाऊ त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, शिवाय स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे ती तुटलेली साडेसात वर्षं बहुधा वहिनींच्याच वाट्याला येणार होती, तीही एकटीने काढायची. ज्या व्यवहाराची त्यांना कल्पनाही नव्हती, त्याची किंमत मोजायची पाळी त्यांच्यावरच येत होती. मी कागद त्यांच्याकडे सरकवला तेव्हा त्यांनी 17.5 या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

भाऊंनी एक शंका काढली आणि ती योग्य होती. "मी गेल्यावर खर्च निम्मा होईलच ना?" होत नाही. घरभाडं, वीज, डागडुजी यांतलं काहीच माणसामागे निम्मं होत नसतं. घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ घेऊन कुटुंबांची तुलना करायची एक पद्धत अर्थशास्त्रात रूढ आहे. त्या मापाने दोघांचा खर्च 7 असेल तर एकटीचा जवळपास 5 होतो, साडेतीन नव्हे. भाऊंच्या पश्चात वहिनींना पेन्शन मिळणार निम्मी, म्हणजे दीड भाग. तेव्हाही बचतीतून साडेतीन भाग काढावेच लागणार. दोघं असताना 4, एकटी असताना साडेतीन. हा फरक इतका छोटा असेल असं त्या दोघांनाच काय, मी बसतो त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटलेलं नसतं. पेन्शनच्या कागदावर पश्चातल्या रकमेची एक ओळ असते, ती आजच्या आज काढून वाचावी असं मी प्रत्येकाला सांगतो.

मुलीने फोनवर मला चार टक्क्यांच्या नियमाबद्दल विचारलं, तिने तो कुठे तरी वाचला होता. हा नियम विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने 1994 मध्ये मांडला. पहिल्या वर्षी बचतीच्या 4 टक्के काढायचे, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईएवढी वाढवायची, म्हणजे पैसा किमान 30 वर्षं पुरतो. त्याची आकडेमोड अमेरिकन बाजारावर होती आणि जवळपास निम्मी किंवा त्याहून जास्त बचत शेअरमध्ये आहे असं त्यात धरलं होतं. या घरची बचत ठेवींत होती, म्हणून तो नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरी वर्षाला 4 भाग काढणारं हे घर 30 भाग गेल्यावर 70 मधून 4, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास काढू लागलं होतं. नियम कुठलाही घ्या, हे प्रमाण सुखाने झोपू देणारं नाही.

इथे माझी एक चूक झाली. पहिल्या बैठकीच्या शेवटी मी भाऊंच्याच बाजूने बोललो. सहल नसेल तर बचतीतून 4 ऐवजी साडेतीन भाग निघतील, 70 भागिले साडेतीन म्हणजे 20 वर्षं. अडीच वर्षं वाढतात, मग राहू दे सहल, असं मी सांगितलं. वहिनी काही न बोलता उठून आत गेल्या. घरी येऊन मी पान पुन्हा उघडलं आणि माझं मलाच दिसलं. मी सहल पुढची वीस वर्षं दर उन्हाळ्यात धरली होती. ऐंशीव्या वर्षी नऊ जणांना घेऊन आठ दिवस डोंगरावर कोण जातं? प्रत्यक्षात त्यांच्या हातात अशा दहा सहली असतील, फार तर. दहा सहलींचे 5 भाग होतात, म्हणजे बचतीतून सव्वा वर्षात काढायचे तेवढे. ठेवी मोडल्यामुळे गेली होती साडेसात वर्षं. भाऊ मोठ्या भोकाबद्दल बोलू शकत नव्हते, म्हणून लहान आनंद कापून ते बुजवायला निघाले होते. आणि मी आकडेमोड करून त्यांना दुजोरा दिला होता.

निवृत्तीतली सगळी वर्षं खर्चाच्या दृष्टीने सारखी नसतात. डेव्हिड ब्लँचेट या अमेरिकन संशोधकाने 2014 मध्ये दाखवलं की निवृत्तांचा खर्च, महागाई वजा करून पाहिला तर, मधल्या वर्षांत हळूहळू उतरतो आणि अगदी अखेरीस औषधोपचारांमुळे पुन्हा चढतो. फिरण्याचा खर्च पहिल्या वर्षांतला असतो. तो तेव्हा केला नाही तर पुढे वाचवलेल्या पैशातून ती सहल विकत घेता येत नाही, कारण तोवर पाय थकलेले असतात आणि नातवंडं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली असतात. थोरला नातू तेव्हा तेरा वर्षांचा होता. आजीआजोबांबरोबर आनंदाने यायची त्याची तीन-चार वर्षं उरली होती.

दुसऱ्या बैठकीला मी आधी वहिनींची माफी मागितली. मग मुलगा आणि मुलगी दोघांनाही बोलवायला सांगितलं. भाऊंना नको होतं, "पोरगा शरमेल" म्हणाले. पण लपवलेल्या गोष्टीवर लपूनछपून तोडगा काढला की तो पुन्हा लपवावाच लागतो.

मुलगा आला, पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. हे वडिलांचं जास्तीचं ठेवलेलं असेल अशी त्याची समजूत होती. "बाबा, तुम्ही म्हणालात, आहेत माझ्याकडे. हे तुमचं रोजच्या खर्चाचं आहे हे नाही सांगितलंत." आणि ते खरं होतं. मुलगी शांत होती. तिला पैशातला वाटा नको होता. तिचं म्हणणं एवढंच की मला परक्यासारखं बाजूला का ठेवलं. हे ती तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा आईकडे बघून म्हणाली. वहिनींनी मग सांगितलं की मलाही आत्ताच कळलंय. त्यानंतर दोघी शेजारी बसल्या.

तोडगा वहिनींनी काढला, मी फक्त लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण तीसही म्हटलं नसतं. तीन वर्षांचं मी सोसेन, साडेसातांचं नाही." तीन वर्षं म्हणजे 12 भाग. ते मुलाला भेट. उरलेले 18 भाग त्याने सहा वर्षांत परत करायचे, वर्षाला 3. सहा वर्षांपेक्षा कमी मुदत त्याच्या कर्जाच्या हप्त्यांबरोबर झेपणारी नव्हती, हे त्याच्या पगाराचा कागद समोर ठेवून पाहिलं. न झेपणारा हप्ता ठरवणं म्हणजे सहा महिन्यांनी नवं भांडण ठरवून ठेवणं.

वर्षाला 3 परत आले तरी सहाव्या वर्षीच्या 3 भागांची किंमत आजच्या 3 एवढी राहणार नाही. सहा टक्के महागाई धरली तर ते 18 भाग आजच्या पावणेपंधरांच्या तोलाचे होतात. महागाई पैसा कसा खाते हे समजावताना मी 72 चा ठोकताळा वापरतो. लुका पाचोली या इटालियन गणितीने तो 1494 मध्येच नोंदवला होता. 72 ला टक्क्यांनी भागायचं, म्हणजे किती वर्षांत दुप्पट होतं ते कळतं. सहा टक्क्यांनी किमती बारा वर्षांत दुप्पट. मुलाने स्वतःच विचारलं, मग मी दरवर्षी थोडं वाढवून देऊ का? वहिनी म्हणाल्या, नको, तेवढं आमच्याकडून.

सत्तर आणि पावणेपंधरा मिळून 85 च्या आसपास. चाराने भागले तर 21 वर्षं, म्हणजे वहिनींचं 83 वं वर्ष. 25 नाहीत, पण साडेसतराही नाहीत. एका वर्षाचा खर्च, 7 भाग, आजारपणासाठी वेगळ्या बचत खात्यात ठेवला. सगळ्या खात्यांवर दोघांची नावं आहेत का, वारसदाराची नोंद आहे का, हे त्याच आठवड्यात तपासलं. एका खात्यावर भाऊंच्या आईचं नाव वारसदार म्हणून होतं. त्या जाऊन चौदा वर्षं झाली होती.

मुलाला 12 भाग भेट मिळाले याची नोंद भाऊंनी मृत्युपत्रात करायची ठरवली. मागे जे उरेल त्यातून आधी 12 मुलीला, मग बाकीचे निम्मे-निम्मे. वारसाचे कायदे जागोजागी वेगळे असतात, म्हणून मजकूर वकिलाकडून करून घ्यायला सांगितलं. मुलगी म्हणाली, याची गरज नाही. माझ्या मते होती. आज गरज नाही म्हणणारी माणसं आईवडील गेल्यावर त्याच वाक्यावरून दुखावलेली मी पाहिली आहेत.

सहलीचा प्रश्न उरला. वहिनी एवढंच म्हणाल्या की मला जायचं आहे. त्या बैठकीत पहिल्यांदाच भाऊ मोकळं हसले. आठऐवजी चार दिवस ठरले, प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा आणि राहण्याचा भाऊंनी. अर्ध्या भागाचा पाव झाला.

दुसरा बदल वेळापत्रकात झाला आणि तो मला पैशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आधीच्या सहलींत तरुणांच्या वेगाने दिवसाला चार ठिकाणं व्हायची, भर दुपारी सुद्धा. भाऊंना रक्तदाब आहे आणि गोळ्यांमधली एक लघवीवाटे पाणी काढणारी आहे. वयाबरोबर तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवण्यात कमी पडतात. त्यात अशी गोळी असेल तर माणूस तहान न लागताच कोरडा पडतो. 2003 च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं गेली. त्यांतली बहुतेक 75 च्या पुढची होती आणि अनेक जण आपल्याच घरात होते. उन्हाचा धोका म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं राहूनच होतो असं नाही.

म्हणून निघायच्या आधी भाऊ डॉक्टरांकडे जाऊन आले. किती पाणी प्यायचं हे त्यांनाच विचारलं, कारण हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही दुखण्यांत पाणी मोजूनच प्यावं लागतं. मुलीने भाऊंच्या पाण्याच्या बाटलीला तीन रबरबँड लावले. बाटली संपली की एक काढून मनगटात घालायचा, संध्याकाळपर्यंत तिन्ही मनगटावर यायला हवेत. हे काम धाकट्या नातीने अंगावर घेतलं. प्रवास सात तासांचा होता. सलग चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी सगळे उतरून चालत होते. औषधं गाडीत ठेवायची नाहीत, खांद्याच्या पिशवीत ठेवायची असंही ठरलं, कारण उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत जवळपास दहा अंशांनी तापते. सकाळी दहाच्या आत एक ठिकाण, दुपारी खोलीत पडायचं, संध्याकाळी तळ्याकाठी.

थोरला नातू कंटाळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिसऱ्या दुपारी बाकीचे झोपलेले असताना तो आजोबांजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ते हिशेबाचं पान मला दाखवा. भाऊंनी ते घडी घालून पाकिटात ठेवलेलं होतं. दुपारभर दोघं 72 ला वेगवेगळ्या टक्क्यांनी भागत बसले. हे मला वहिनींनी परत आल्यावर फोनवर सांगितलं. त्या वेळी त्या झोपलेल्या नव्हत्या, डोळे मिटून ऐकत होत्या.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. मुलाचा पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा नोकरीतल्या बदलामुळे दोन महिने लांबला, पण लांबणार हे त्याने आधी आईला फोन करून सांगितलं, वडिलांना नव्हे. फाईलच्या त्या दोन कप्प्यांतल्या एकात आता नवी, लहान रकमेची पावती आहे. दुसऱ्यात वहिनींनी चौघांच्या सह्यांचं पान ठेवलं आहे. येत्या उन्हाळ्यासाठी त्या कमी पायऱ्यांचं ठिकाण शोधतायत.